टेंटच्या आधी पाणी आन् ताडपत्री

कॅम्पिंगला काय काय न्यायचं या चर्चेत सगळे टेंट कोणता, स्लीपिंग बॅग कोणती यावरच बोलायलेत, पण खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर गाडी घेऊन एक रात्र काढायची तर मी आधी पाण्याचा 20 लिटरचा जार डिक्कीत टाकीन, चौघांचं पिणं, स्वयंपाक, भांडी एवढ्यातच संपतो तो. मग ताडपत्री. टेंटखाली टाका पण कडा बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून सरळ आत. स्लीपिंग बॅग नसली तरी चालतंय, घरच्या वाकळा घ्या, थंडी जमिनीतून लागते म्हणून अंगावर एक तर अंगाखाली दोन. कोळशाची शेगडी टेंटमधी नेऊ नका, हात जोडून सांगतो, कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला वासच नसतो, माणूस झोपेतच जातो.

आन् विंचवाचं मनावर घ्या. टॉर्च प्रत्येकाला वेगळा, बूट टेंटच्या आत, सकाळी झटकूनच घालायचे. चावलाच तर झाडपाला, मंत्र काही नाही, लगेच दवाखाना, प्राझोसिनची गोळी वेळेवर मिळाली की बहुतेक माणूस वाचतो, आन् हा उपचार रुळवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातलेच. खुलताबादच्या सरकारी दवाखान्याचा नंबर निघायच्या आधीच मोबाईलमधी सेव्ह करा, वर रेंजचा भरवसा नाही.