पैशासाठी लिहिणाऱ्यांनी ‘सुचत नाही’ हे कारण धरून बसावं का?

टिपणवही:
लेख लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. या कामात नव्याने आलेले बरेच जण एकच तक्रार करतात: विषय हातात आहे, डेडलाइन डोक्यावर आहे आणि पहिलं वाक्यच उतरत नाही. माझं मत जरा कडक वाटेल, पण मांडते. लेख अडतो तेव्हा बहुतेक वेळा प्रतिभा आटलेली नसते, सांगण्यासारखं काही गोळाच केलेलं नसतं.

उदाहरण देते. बसून काम करणाऱ्यांच्या पाठदुखीवर लेख होता. ‘आजच्या धावपळीच्या जीवनात पाठदुखी ही सामान्य समस्या झाली आहे’ असं लिहिलं, पुसलं. मग ‘बदलत्या जीवनशैलीमुळे’ असं सुरू केलं, तेही पुसलं. शेवटी लॅपटॉप मिटला आणि ओळखीच्या फिजिओथेरपिस्टला फोन लावला. विचारलं, “पहिल्यांदा येणारा माणूस आल्या आल्या काय सांगतो?” ते म्हणाले, “खुर्ची बदलली तरी दुखतंय, असं सांगतात. मी विचारतो, त्या खुर्चीतून उठता किती वेळा? मग गप्प होतात.” लेख तिथेच सुरू झाला. पुढचे परिच्छेद अडले नाहीत.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून बसायचा आणि दर पाव तासाला 250 शब्द लिहायचा. स्फूर्तीची वाट पाहत बसला नाही. आपण तर मानधन घेऊन लिहितो.

अर्धविराम:
साफ असहमत. ट्रोलपचं उदाहरण अर्धंच दिलंत. तो रोज साधारण तीन तास लिहायचा आणि त्यातला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जायचा. शिवाय 1867पर्यंत पोस्टाचा पगार चालू होता. शब्दाच्या दराने लिहिणाऱ्याने एका दिवसात विम्यावर, केसगळतीवर आणि सौरऊर्जेवर लिहायचं, वर रिव्हिजन करायच्या, आणि संध्याकाळी डोकं चाललं नाही तर त्याला म्हणायचं की तू माहिती गोळा केली नाहीस? ही थकवा आलेल्या माणसालाच दोष देण्याची तऱ्हा झाली.

माहिती समोर पसरलेली असते, टिपणं काढलेली असतात, तरीही एक ओळ लिहवत नाही, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. तेव्हा आणखी चार फोन करून काही होत नाही. झोप काढावी लागते आणि चार कामांना नाही म्हणावं लागतं.

मुद्रितशोधन:
मी संपादनाच्या बाजूने सांगतो. अडलेले लेख माझ्याकडे येतात तेव्हा मी ब्रीफ, म्हणजे क्लायंटने लेखासाठी दिलेली सूचना, मागवून पाहतो. ‘गुंतवणुकीवर 1000 शब्द’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणासाठी? पहिला पगार हातात पडलेल्यासाठी की निवृत्तीला आलेल्यासाठी? हे ठरलेलं नसेल तर कोणीही अडेल. क्लायंटला एकच प्रश्न विचारा: हा लेख वाचून झाल्यावर वाचकाला नेमकं काय ठरवता आलं पाहिजे? उत्तर आलं की निम्मा मजकूर आपोआप गळतो.

आणि पहिल्या वाक्यापासून लिहायची सक्ती कोणी केली आहे? मधला, सगळ्यात ठाऊक असलेला परिच्छेद आधी लिहा. सुरुवात शेवटी लिहिली तरी वाचकाला कळत नाही.

कोरापान:
हल्ली एआयकडून कच्चा खर्डा घेतला की अडणं संपतं. मग इतका खल कशाला?

टिपणवही:
@कोरापान, मी करून पाहिलं. त्या खर्ड्यात नेमकं ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ हेच येतं. तो फिजिओथेरपिस्ट त्यात नसतो.

@अर्धविराम, थकव्याचं मी नाकारत नाही. पण रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीची गोष्ट बघा. 1 नोव्हेंबर 1866पर्यंत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला, असा करार होता. त्याने 26 दिवसांत कादंबरी पुरी केली. दमलेला तर तोही असणारच.

अर्धविराम:
केली, पण लघुलेखिकेला तोंडी सांगून. समोर ऐकणारं माणूस होतं, हा फरक मोठा आहे. माझा अनुभवही तोच आहे. टाइप करताना गाडी अडते तेव्हा मी मित्राला व्हॉइस नोट पाठवतो, ‘अरे, या लेखात मला असं म्हणायचंय की...’ आणि तेच उतरवून घेतो. जास्त माहितीने नाही, एकटेपणा कमी झाल्याने सुटतं.

टिपणवही:
दस्तयेव्हस्की रात्री टिपणं काढायचा आणि दिवसा त्यांवरून सांगायचा. म्हणजे सामग्री आधी होतीच! व्हॉइस नोटची युक्ती मात्र मी उचलणार.

सायंतारा:
तुम्ही दोघं उत्पादनाबद्दलच बोलताय. ‘रायटर्स ब्लॉक’, म्हणजे लिहिणंच अडून बसणं, हा शब्द 1947मध्ये एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने रूढ केला. त्याचे सिद्धांत आता फारसे कोणी मानत नाही, पण एक गोष्ट विसरू नका: कधीकधी हे खरोखर मनाचं दुखणं असतं. लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणं हेही आठवडेच्या आठवडे बंद पडलं असेल, तर कृपा करून डॉक्टरांकडे जा. तिथे घड्याळ लावून बसणं हा उपाय नाही.

अर्धविराम:
@सायंतारा, अगदी पटलं.

@टिपणवही, एक प्रश्न राहतोच. तुमच्या त्या फोनचे पैसे कोण देतं? शब्दांवर दर असेल तर शोधाशोधीचा वेळ फुकटच जातो, म्हणून लोक फोन न करता लिहायला बसतात आणि अडतात.

टिपणवही:
हा मुद्दा मान्य. म्हणून मी आता शब्दांवर दर घेत नाही. एका लेखाची एकूण रक्कम सांगते आणि त्यात एक मुलाखत धरते. काही क्लायंट नाही म्हणतात. पण नव्या माणसाला असा दर लगेच मिळणार नाही, आणि त्याला उद्या सकाळी लेख द्यायचा आहे. त्याला मी अजूनही हेच सांगेन की लिहायच्या आधी विषय जाणणाऱ्या एका माणसाशी दहा मिनिटं बोल.

अर्धविराम:
आणि मी सांगेन, उद्या सकाळचं ते काम घेण्याआधी आज किती लिहून झालंय ते बघ.