प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा अंदाज: थिसिससाठी प्रयोग कसा मांडावा?

डिचोली_ओबीजी

नमस्कार. एमएस्सी नर्सिंग (ओबीजी, म्हणजे प्रसूती व स्त्रीरोग) च्या सिनॉप्सिससाठी (थिसिसच्या आराखड्यासाठी) मार्गदर्शन हवं आहे. विषय साधारण असा: प्रसूतीनंतर किती रक्त गेलं हे बघून ओळखायचं प्रशिक्षण बीएस्सीच्या सातव्या सेमिस्टरला दिलं, तर त्यांचा अंदाज सुधारतो का? वर्गात ४२ विद्यार्थी आहेत, बहुतेक सगळे एकाच हॉस्टेलवर.

सध्याचा आराखडा: ३० प्रश्नांची नॉलेज क्वेश्चनेअर, एक तासाचं लेक्चर आणि सातव्या दिवशी पुन्हा तीच क्वेश्चनेअर. त्याला जोडून आठ स्टेशन मांडून नकली रक्ताचा सराव घ्यायचा विचार आहे. वर्गाचे दोन गट करावेत का? नकली रक्त कशाचं करावं? आणि पॅड वजन करून खरा आकडा काढायचा, तर त्यात काय चुकू शकतं?

लेबररूम_फोंडा

क्वेश्चनेअर काढून टाका, असं स्पष्टच सांगते. ‘५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की पीपीएच’ (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव) हे सातव्या सेमिस्टरला कोणाला येत नाही? लेक्चरनंतर मार्क वाढणारच, आणि त्यातून नवीन काही हाती लागत नाही. असे थिसिस प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत रांगेने पडलेत. भिजलेली ड्रॉशीट (बाईखाली अंथरलेली चादर) समोर आली की विद्यार्थी कोणता आकडा सांगतो आणि आकडा सांगून झाल्यावर त्याचा हात कुठे जातो, ते मोजा.

आधार लांब शोधायला नको. गोव्यातून घाट चढून गेलं की बेळगाव. तिथे १२३ बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांनी केलेला अंदाज मोजणीच्या ड्रेपपेक्षा (बाळंतिणीखाली लावून रक्त गोळा करायची, खुणांची पिशवी असलेली शीट) ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे खरे ६०० मिली गेले तर नोंद होते ४०० ची, आणि ती बाई पीपीएचमध्ये धरलीच जात नाही. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बायकांवरची मिसोप्रोस्टॉलची (गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या औषधाची) चाचणीही आली. ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे दिल्यावर पीपीएचचं प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आलं. गोळी देण्याचं काम एएनएमनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) केलं होतं, डॉक्टरांनी नाही. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये हे दोन्ही अभ्यास आलेच पाहिजेत.

तिसरा म्हणजे २०२३ ची ई-मोटिव्ह चाचणी: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक प्रसूती. खुणा केलेला ड्रेप आणि त्यासोबत एकाच वेळी द्यायचे उपचार (गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, आयव्ही फ्लुइड, तपासणी). तिथे ९३ टक्के पीपीएच वेळेत ओळखले गेले, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. नुसता आकडा कळून हे झालेलं नाही. आकड्याला कृती बांधलेली होती.

म्हणून प्रत्येक स्टेशनवर एक कार्ड ठेवा. उदाहरणार्थ, ‘बाळंत होऊन २५ मिनिटं, वार पूर्ण पडली आहे, गर्भाशय मऊ लागतं, पल्स ११२, बीपी ९६/६०’, आणि खाली ड्रॉशीटवर ३५० मिली. जो विद्यार्थी ५०० ची वाट बघतो, तो इथे चुकतो. ई-मोटिव्हच्या ड्रेपवरही ३०० आणि ५०० अशा दोन रेषा होत्या: ३०० ला पल्स-बीपी बिघडलेलं असेल तर थांबायचं नाही. गरोदरपणात शरीरात रक्त वाढलेलं असतं, त्यामुळे धडधाकट बाई बराच वेळ बीपी धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. रक्त कमी असलेली बाई तर त्याच्या कितीतरी आधी. उत्तरपत्रिकेवर दोनच रकाने ठेवा: ‘किती मिली’ आणि ‘आता लगेच काय कराल’. ‘३०० ते ५००’ असे पर्याय देऊ नका. एकच आकडा लिहायला लावा.

सिम_लॅब

नकली रक्ताबद्दल. १ लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर आधी थंड पाण्यात कालवून मग शिजवा, पूर्ण गार करा, त्यात लाल खाण्याचा रंग आणि थोडी कोको पावडर घाला. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. कोकोमुळे तो खरा वाटतो. गुठळ्यांसाठी याच रंगात चायना ग्रास घट्ट बसवून हाताने ओबडधोबड मोडायचं. गुठळ्यांचं माप वेगळं घेऊन एकूण मिलीमध्ये धरा. किडनी ट्रेमध्ये पातळ रक्त दिसतं आणि गुठळ्या तळाशी दडून राहतात, तिथेच अंदाज फसतो.

मिश्रण ज्या दिवशी वापरायचं त्याच दिवशी सकाळी करा. आपल्याकडच्या दमट हवेत ते उद्यापर्यंत आंबतं.

आता मीठ. १ लिटरला ९ ग्रॅम मीठ घालायचं, ते चुकवू नका. विकतच्या सॅनिटरी पॅडमध्ये पाणी शोषणारी जेल पावडर असते. साधं पाणी ती भरपूर ओढते, खारं पाणी किंवा रक्त त्या मानाने बरंच कमी. बिनमिठाचं मिश्रण ओतलं तर पॅड वरून कोरडा दिसतो, पोटात भरपूर असतं, आणि विद्यार्थी भलतंच काही शिकतो. वॉर्डात सीएसएसडीतून (निर्जंतुकीकरण विभागातून) येणारे कापूस-गॉजचे पॅड वेगळे आणि घरून आणलेले वेगळे. दोन्ही मांडा.

बाहेरच्या देशातला फोटो-चार्ट तसाच वापरू नका. लंडनच्या २००६ च्या चार्टप्रमाणे १० सेंमीचा गॉज पूर्ण भिजला की ६० मिली, ४५ सेंमीचा मोठा मॉप ३५० मिली, जमिनीवर ५० सेंमी व्यासाचं थारोळं ५०० मिली आणि १०० सेंमीचं १,५०० मिली. शेवटच्या दोन आकड्यांकडे लक्ष द्या: व्यास दुप्पट झाला की रक्त तिप्पट होतं, पण डोळा व्यास बघतो. आपला गॉज किती पदरी आहे यावर सगळं बदलतं, म्हणून स्वतःचा चार्ट करा. गॉजवर ५-५ मिली, पॅडवर १०-१० मिली सिरिंजने सोडत जा, कडेतून गळायला लागेल तिथे थांबा, प्रत्येक टप्प्याचा एकाच उंचीवरून फोटो घ्या.

वजनाचं गणित: ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले १.०६, कारण १ मिली रक्त साधारण १.०६ ग्रॅम भरतं. पण हे खऱ्या रक्तासाठी. तुमच्या मिश्रणाचे १०० मिली आधी तोला आणि येईल त्या आकड्याने भागा. कोरडं वजन त्याच दिवशी, त्याच पाकिटातल्या पाच पॅडांची सरासरी काढून घ्या. पावसाळ्यात कापूस हवेतला ओलावा धरतो, मे महिन्यात घेतलेलं वजन जुलैत चालत नाही.

आकडेमोड_म्हापसा

गट करायचे की नाही, ते ४२ या आकड्यावर ठरतं. ८० टक्के पॉवर (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून, एकाच गटाची आधी-नंतर तुलना केली तर ०.५ एसडीचा (एसडी म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फरक दाखवायला साधारण ३२ विद्यार्थी लागतात. ४२ पुरतात, गळतीलाही जागा राहते. २१-२१ चे दोन गट केले तर ०.८६ एसडीहून लहान फरक हातून निसटण्याची शक्यता मोठी. ०.५ साठी प्रत्येक गटात ६३ लागतील.

तरी गटच करा असं माझं मत, कारण एकाच गटात दुसऱ्या वेळी आकडे सुधारले तर ते शिकवल्यामुळे की नुसत्या सवयीमुळे, हे सांगता येत नाही. अशा प्रशिक्षणाचा परिणाम मोठा असेल असं धरायला जागा आहे. पायलटमध्ये (आधी घ्यायच्या छोट्या चाचणीत) एसडी काढून हिशेब पुन्हा करा. हॉस्टेलवरची कुजबुज टाळायला सगळं एका दिवसात बसवा: सकाळी सर्वांची पहिली चाचणी, मग चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या अ गटाला प्रशिक्षण, दुपारी सर्वांची दुसरी चाचणी, आणि त्यानंतर लगेच ब गटाला तेच प्रशिक्षण. कोणीही वंचित राहत नाही. सहा आठवड्यांनी सर्वांची तिसरी चाचणी घ्या, कारण हे कौशल्य विसरलं जातं आणि किती विसरलं जातं हे कळणं जास्त मोलाचं आहे.

विश्लेषणात दोन चुका हमखास होतात. पहिली: ४२ जण, ८ स्टेशन, म्हणून एन = ३३६ असं धरणं. एकाच विद्यार्थ्याची आठ उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एक तर प्रत्येकाची सरासरी काढा, नाहीतर मिक्स्ड मॉडेल (एकाच व्यक्तीची अनेक उत्तरं लक्षात घेणारी पद्धत) वापरा. दुसरी: टक्केवारीतली चूक अधिक-उणे चिन्हासकट सरासरीत घालणं. थोडं रक्त असेल तिथे लोक जास्त सांगतात, खूप असेल तिथे कमी. १०० ला १५० सांगितलं तर अधिक ५०, १,००० ला ५०० सांगितलं तर उणे ५०, सरासरी शून्य, आणि थिसिसमध्ये ‘अंदाज अचूक’ असं छापून येतं! चिन्हाशिवायची चूक हा मुख्य निकाल ठेवा, चिन्हासकटची प्रत्येक स्टेशननुसार वेगळी दाखवा.

तिन्ही चाचण्यांत मिलीचे आकडे आणि स्टेशनचा क्रम बदला, पण काठिण्य सारखं राहू द्या. तेच ३५० पुन्हा आले तर ती पाठांतराची परीक्षा होईल. ‘लगेच काय कराल’ची चेकलिस्ट तपासणाऱ्या दोघांना कोणता पेपर कोणत्या गटाचा हे कळता कामा नये, आणि त्या दोघांच्या गुणांचं कॅपा (दोघांचं किती जुळतं याचं माप) काढा.

डिचोली_ओबीजी

सगळ्यांना देव बरें करूं. क्वेश्चनेअर काढली, चिठ्ठ्यांचा आराखडा घेतला. दोन शंका उरल्या. विद्यार्थ्यांची संमती मी स्वतः घेतली तर चालेल का? आणि लॅबनंतर लेबर रूममध्ये ड्रेप लावून विद्यार्थ्यांचे अंदाज तपासावेत, असं गाईड टीचर सुचवताहेत.

लेबररूम_फोंडा

तुम्ही त्यांना इंटर्नल मार्क देत असाल किंवा क्लिनिकलला सुपरवाइज करत असाल, तर नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी हा दबावाखाली येऊ शकणारा गट धरलेला आहे. मार्कांशी संबंध नसलेल्या कोणाकडून तरी संमती घ्या, ‘नाही म्हटलं तरी मार्कांवर परिणाम नाही’ हे फॉर्मवर लिहा. चिठ्ठ्या टाकून गट पाडताय म्हणजे हा हस्तक्षेप अभ्यास झाला. एथिक्स कमिटीची मंजुरी आल्यावर आणि पहिल्या विद्यार्थ्याला घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. मागाहून ती होत नाही.

लेबर रूमचा भाग या थिसिसमध्ये घेऊ नये, असं टीचरांना समजावून सांगा. तिथे मुख्य सहभागी बाळंतीण होते, विद्यार्थी नाही. तिची संमती कळा चालू असताना घेता येत नाही. शेवटच्या महिन्यांत ओपीडीत घ्यावी लागेल. फॉर्मही एका भाषेत भागणार नाही: देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी, मराठी, बाहेरून कामाला आलेल्यांसाठी हिंदी आणि कन्नड, आणि प्रत्येकाचं उलट भाषांतर.

तरीही आग्रह झाला, तर ड्रेप बाळ बाहेर आल्यावर आणि गर्भजल वाहून गेल्यावर सरकवायचा, नाहीतर पाणीच मोजलं जातं. पिशवी टेबलाच्या कडेखाली मोकळी लोंबली पाहिजे. बाई मधोमध झोपलेली असली तर रक्त चुण्यांत साचतं आणि खुणेची रेषा कमी दाखवते. बाजूला टाकलेले गॉज वेगळे तोलून मिळवायचे. विद्यार्थ्याने आकडा लिहीपर्यंत ड्रेप झाकायचा असेल, तर तो फक्त विद्यार्थ्यापासून. ड्युटीवरच्या सिस्टरना रेषा सतत दिसली पाहिजे, आणि ३०० ला पल्स-बीपी बघायला त्या विद्यार्थ्याच्या कागदासाठी एक मिनिटही थांबणार नाहीत, हे प्रोटोकॉलमध्ये लिहून एथिक्स कमिटीपुढे ठेवा.