लग्नात साखरेचा थंडा ठेवावा की ‘झिरो’चा?

बोरीकाठ_बापू

राम राम मंडळी. आखाजीनंतर अमळनेरला लग्न आहे. 400 पान, मुहूर्त दुपारी 12:35 चा. म्हणजे पंगत बसायला अडीच वाजणार, आणि त्या दिवसांत पारा 44-45 ला असतो. पाहुण्यांना 250 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या द्यायचं घाटतंय. दोन्ही घरचे मिळून शुगरवाले 30-35 जण होतील. एक मत असं की सगळ्याच बाटल्या ‘झिरो’च्या आणा, साखरेचा प्रश्नच मिटला. दुसरं मत, झिरोतल्या केमिकलने कॅन्सर होतो, त्यापेक्षा साखर परवडली. लहान पोरंही 60-70 असतील. नेमकं काय करावं? आकडे देऊन सांगा.

पांझरापार

बापू, आधी साखरेचं सांगतो. बाटलीच्या मागे 100 मिलीचा आकडा छापलेला असतो. साध्या कोल्यात तो 10 ते 11 ग्रॅमच्या आसपास निघतो. म्हणजे 250 मिलीत 26 ग्रॅम, चहाचे सहा सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेली मर्यादा अशी: 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, जमलं तर 25 च्या. एका बाटलीत 25 संपले. जिलेबी अजून पानात यायची आहे. आंब्याच्या पेयात गॅस नसतो म्हणून लोक ते पोरांना बिनधास्त देतात, पण त्यातली साखर कित्येकदा कोल्याइतकी किंवा जास्तच असते. उसाच्या रसाचंही तेच.

पानातल्या बट्टीतलं पीठ पचायला वेळ लागतो, वरणातल्या डाळीने तो आणखी लांबतो. थंड्यातल्या साखरेला ना चोथा ना चावणं, ती अर्ध्या तासात रक्तात. पोट मात्र भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून जेवण तेवढंच होतं. या साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज. तो मुख्यतः यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. रोज पिणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड वाढतात, युरिक ॲसिड वाढतं, यकृतावर चरबी चढते ती यामुळे. रोज एक-दोन बाटल्या पिणाऱ्यांना, क्वचित पिणाऱ्यांपेक्षा टाइप 2 मधुमेहाचा धोका साधारण 26 टक्के जास्त आढळलाय. लग्नातल्या एका बाटलीने कुणाला मधुमेह होत नाही. पण ज्याला आहे, त्याची त्या दुपारची शुगर नक्की चढते.

तरीही सगळ्याच बाटल्या झिरोच्या आणू नका. कारण पंगतीचा उशीर. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेला माणूस अडीचपर्यंत उपाशी राहिला तर त्याची शुगर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. मांडवात सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि समोरची बाटली त्याच्या तोंडाला लावतात. ती झिरोची निघाली तर साखर शून्य, उपयोगही शून्य. अशा वेळी साखरेचा कोला 150 मिली द्यायचा, त्यात सुमारे 15 ग्रॅम साखर जाते. मग 15 मिनिटांनी शुगर तपासायची. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढाच. सावरला की लगेच जेवायला बसवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

साखरेच्या डझनभर बाटल्या आचाऱ्याजवळ वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा, आणि कुठल्या कशाला ते दोघा-तिघांना सांगून ठेवा.

रावेरची_केळी

दादांनी सांगितलं त्यात एक भर. खूप जणांना मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज असतं, कित्येकदा एकाच गोळीत. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे अशा माणसाला साखरेच्या कोल्याचा उपयोग उशिरा होतो. त्याला ग्लुकोज पावडरच लागते, 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे, अर्धा पेला पाण्यात. एक डबा आणून ठेवा.

आता कॅन्सरचं. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने झिरोतल्या अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याला ‘2ब’ गटात टाकलं. म्हणजे ‘कदाचित शक्य आहे, पुरावा तोकडा’. त्याच वेळी अन्नातल्या रसायनांचं प्रमाण ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोला रोज 40 मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये 200-300 मिलिग्रॅम धरलं तर 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात 9 ते 14 कॅन लागतात. तेव्हा एका बाटलीची भीती बाळगण्यात अर्थ नाही.

पण पोरांचं गणित वेगळं आहे. 20 किलोच्या पोराची मर्यादा 800 मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार कॅन. लग्नात पोरं बाटल्या मोजत नाहीत. पोरांना झिरो देऊच नका. गोडीची सवय तशीच राहते, आणि त्यांना त्यातून मिळत काहीच नाही. एनर्जी ड्रिंकचे कॅन तर मांडवातच नकोत. आपल्याकडे त्यात लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीत 75. साध्या कोल्यात तेवढ्यालाच 25 च्या आसपास असतं.

मे 2023 मध्ये त्याच संघटनेने असंही सांगितलं की वजन उतरवण्यासाठी या गोडव्यांचा आधार घेऊ नका, लांब पल्ल्यात वजन उतरताना दिसत नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नव्हती. त्यामुळे शुगरवाल्या पाहुण्याला साखरेच्या बाटलीपेक्षा झिरोची बाटली केव्हाही बरी, हे मी ठामपणे म्हणेन.

घेताना घटकांची यादी वाचा, गोडवे त्यात क्रमांकाने लिहिलेले असतात. 951 अस्पार्टेम, 950 एसेसल्फेम, 955 सुक्रालोज. काही बाटल्यांत साखर आणि 955 दोन्ही असतात, ती झिरो नव्हे. ‘फिनाइलकेटोन्युरिक लोकांसाठी नाही’ (हा एक जन्मजात आजार) ही ओळ असेल तर आत अस्पार्टेम आहे. आणि क्रेट उन्हात ठेवू नका. अस्पार्टेम उष्णतेने हळूहळू तुटतं, गोडी उतरते, चव बिघडते. आपल्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेला माल घेण्याआधी तारीख बघा.

बोरीकाठ_बापू

दोघांचेही आभार. व्होग्लिबोजचं माहीतच नव्हतं. व्याह्यांच्या घरातून गोळ्यांची नावं मागवून घेतो. मग थंडा फक्त शुगरवाल्यांपुरता झिरो, आणि बाकीच्यांना मठ्ठा? 400 माणसांना किती लागेल?

तोरणमाळची_अक्का

मठ्ठाच करा भाऊ. 45 च्या उन्हात घामातून पाणी आणि मीठ जातं. कोल्यात पाणी मिळतं, मीठ जवळजवळ नाही. माणशी 200 मिलीचा एक पेला धरला तर 80 लिटर लागेल. दही 20 किलो, पाणी 60 लिटर, मीठ 400 ग्रॅम. लिटरला 5 ग्रॅम मीठ पडतं, पेल्यात 1 ग्रॅम. जिरं भाजून, कुटून घाला. बीपीवाल्यांसाठी बिनमिठाची एक घागर आधीच बाजूला काढा, कारण एकदा मीठ पडलं की काढता येत नाही. लोक दुसरा पेला मागणारच, म्हणून 30 किलो दह्याची सोय ठेवा. पण घुसळायचं लागेल तसं, तीन खेपांत. सकाळी नऊला केलेला मठ्ठा दोन वाजता आंबट ढाण होतो.

खरी गफलत बर्फात होते. माल साठवायचा बर्फ ओळखू यावा म्हणून निळसर रंगाचा करायचा नियम आहे. तसली लादी आली तर परत पाठवा. पांढरा असला तरी ‘खायचा बर्फ’ असं पावतीवर लिहून घ्या, आणि तोही मठ्ठ्यात न टाकता घागरीच्या बाहेरून लावा. मठ्ठ्याचं पाणी जारचं घ्या, टँकरचं नको.

पन्हं करणार असाल तर गूळही साखरच आहे, शुगरवाल्यांना ते कोल्याइतकंच जड जाईल.

कुणाला जुलाब लागले तर साखरेचा थंडा अजिबात देऊ नका. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम असतं. लिटरभर कोल्यात साखर 100 ग्रॅमच्या वर आणि मीठ नगण्य. एवढी साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. मेडिकलमधून 20.5 ग्रॅमची पुडी मागा, ती एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या पेल्यात अख्खी पुडी कालवू नका. तयार डब्यातलं फळांचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. तसं नाव लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे.

दातांचं कुणी बोललं नाही. साखरेचा असो की झिरोचा, कोल्याचा सामू (pH) 2.5 ते 3 च्या आसपास असतो आणि दाताचं कवच 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. तासभर घोट घोट पिण्याने जास्त नुकसान होतं. जेवताना पिऊन संपवा, वर साध्या पाण्याची चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या, मऊ पडलेलं कवच घासलं जातं.

दह्याची ऑर्डर आठवडाभर आधी नोंदवा, लग्नतिथीला डेअरीत ऐनवेळी 30 किलो मिळत नाही.