प्रतिसाद: जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नव्हे

वर दोघातिघांनी 'खून करा आणि १४ वर्षांत बाहेर या' असं लिहिलंय. तसा नियम नाही. गोपाळ गोडसे (गांधीहत्येच्या कटातला दोषी) प्रकरणात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. कायद्यात जन्मठेप वीस वर्षं धरतात, ती फक्त शिक्षेचा अपूर्णांक (निम्मी, पाव वगैरे) काढण्यापुरती.

चौदा हा आकडा उलट बाजूने येतो. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५). चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी शिक्षेतली सूट यात धरत नाहीत. पॅरोलचे दिवसही नाहीत, हे गोव्याच्या कैद्यांबाबत २०२३ मध्ये स्पष्ट झालं. त्यानंतरही सुटका हा हक्क नाही. अर्ज नामंजूर होऊ शकतो.

गडबड होते ती शिक्षामाफीच्या, म्हणजे सरकारने उरलेली शिक्षा माफ करण्याच्या टप्प्यावर. निर्णय खटला चालला त्या राज्याचा. बिल्किस बानो प्रकरण (२००२च्या गुजरात दंगलीतलं सामूहिक बलात्कार आणि हत्यांचं) मुंबईत चाललं, सोडलं मात्र गुजरातने. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अकराही दोषींची सुटका रद्द झाली.

मला खरी ढिलाई खालच्या गुन्ह्यांत दिसते. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत, पण किमान शिक्षा साधारणपणे नाहीच. त्यामुळे सारखंच प्रकरण एका न्यायालयात तीन वर्षांवर सुटतं, दुसऱ्यात दहा. आणि त्यातून कच्च्या कैदेचे (निकालाआधी तुरुंगात काढलेले) दिवस वजा होतात, ते वेगळंच.