तीन वर्षांचं बी.कॉम. आणि अमेरिकेत पुन्हा कॉलेज: पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळते का?

चिंचगूळ:
वय ३८, मॅसॅच्युसेट्स, ग्रीन कार्ड. मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं बी.कॉम. आहे. आता कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगची असोसिएट पदवी करायची आहे. सेमिस्टरला ६-७ क्रेडिटच झेपतील. नवरा नोकरीत, टॅक्स रिटर्न दोघांचं एकत्र. २०२६-२७ चा फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरताना 'बॅचलर पदवी आहे का' इथे अडकले. काय लिहायचं? आणि आईवडील डोंबिवलीला असतात, त्यांचं उत्पन्न दाखवायचं का?

दहिवर:
आईवडिलांचा विषय सोडून द्या. वय २४ च्या पुढे किंवा लग्न झालेलं, यातलं एक असलं तरी तुम्ही 'इंडिपेंडंट'. तुमच्या बाबतीत दोन्ही आहे.

नवऱ्याचं उत्पन्न मात्र धरलं जातं. रिटर्न एकत्र असल्यामुळे त्यांना वेगळं लॉगिन करून फॉर्म भरावा लागत नाही. वेगवेगळं भरलं असतं तर त्यांना आमंत्रण पाठवून संमती घ्यावी लागली असती. टॅक्सची माहिती आयआरएसकडून (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून) घेण्याची संमती तुम्हीही द्यायची आहे. ती राहिली तर फॉर्म भरलेला दिसतो, पण फेडरल मदत शून्य. बरेच अर्ज इथेच अडकतात.

२०२६-२७ साठी २०२४ चं रिटर्न बघतात. त्यानंतर नोकरी गेली किंवा पगार कमी झाला असेल तर फॉर्ममधले आकडे बदलू नका. आधी तसाच सबमिट करा, मग कॉलेजच्या एड ऑफिसकडे (आर्थिक मदतीचं कार्यालय) 'प्रोफेशनल जजमेंट', म्हणजे बदललेली परिस्थिती पाहून फेरविचार, मागा. सोबत नोकरी संपल्याचं पत्र आणि अलीकडच्या पे स्लिपा जोडा.

खडूफळा:
पदवीचा प्रश्न खरा महत्त्वाचा, कारण पेल त्यावरच अडते. बॅचलर पदवी असलेल्याला पेल नाही, मग ती पदवी परदेशी का असेना. पण आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकन चार वर्षांच्या पदवीइतकी आहे का, हे कॉलेज ठरवतं. समकक्ष नाही असं दाखवणारी कागदपत्रं तुम्ही दिलीत, तर 'बॅचलर नाही' असा निर्णय कॉलेज देऊ शकतं.

म्हणून आधी मुंबईहून ट्रान्स्क्रिप्ट मागवा, मग मूल्यांकन संस्थेकडून (परदेशी पदवी अमेरिकेत कशाइतकी ते सांगणारी) मूल्यांकन करून घ्या आणि तो अहवाल घेऊन एड ऑफिसकडून निर्णय लेखी घ्या. फाफ्सातलं उत्तर त्या निर्णयाशी जुळलं पाहिजे. आधीच 'हो' लिहून बसला असाल तर नंतर दुरुस्ती करता येते. पेल मिळावी म्हणून स्वतःच्या मनाने 'नाही' ठोकू नका.

मूल्यांकन संस्थांमध्ये एकमत नाही. नॅकची 'ए' श्रेणी असलेल्या विद्यापीठाची, पहिल्या-दुसऱ्या वर्गातली तीन वर्षांची पदवी काही संस्था पूर्ण बॅचलर धरतात. काही फक्त 'तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण' म्हणतात. कॉलेज कोणाचे अहवाल स्वीकारतं ते पैसे भरण्याआधी विचारा. दोन परस्परविरोधी अहवाल कॉलेजात पोचले, तर त्याचा निकाल लागेपर्यंत पैसे थांबतात.

मॅसरिकनेक्टलाही (२५ वर्षांवरच्यांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी) पदवी नसण्याची अट आहे. ते राज्याचं काम, त्यामुळे तिथलं स्वतंत्रपणे विचारा.

दुसरी वाटही बघून ठेवा. पदवी समकक्ष ठरली तर पेल गेली, पण बॅचलर असणाऱ्यांसाठीच्या वेगवान बी.एस.एन.ला (नर्सिंगची बॅचलर पदवी) अर्ज करता येतो. तिथे मुख्य आधार कर्जाचा. एकाच पदवीवर दोन्ही फायदे मिळत नाहीत.

पाटीपेन्सिल:
आता आकडे. २०२५-२६ ची कमाल पेल वर्षाला ७,३९५ डॉलर. १२ क्रेडिट म्हणजे पूर्ण वेळ, म्हणून ७ क्रेडिटला ५८ टक्के, ६ ला ५०. तेही फक्त तुमच्या अभ्यासक्रमात लागणारे क्रेडिट धरून. आवड म्हणून सिरॅमिक्स घेतलंत तर ते तीन क्रेडिट मोजणार नाहीत.

कर्जाला किमान अर्धवेळ, म्हणजे ६ क्रेडिट लागतात. एक विषय सोडून ५ वर आलात की पात्रता गेली. पहिल्या वर्षाची मर्यादा ९,५००, त्यातले जास्तीत जास्त ३,५०० सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं). १ जुलै २०२६ पासून पूर्ण वेळेपेक्षा कमी क्रेडिट असतील तर ही मर्यादाही त्याच प्रमाणात घटते.

बी.कॉम.चे मिळतील तेवढे क्रेडिट ट्रान्सफर करू नका. ६० क्रेडिटच्या पदवीला मदत १५० टक्के, म्हणजे ९० क्रेडिटपर्यंत मिळते, आणि स्वीकारलेले जुने क्रेडिट त्यात धरले जातात. ४५ आणलेत तर उरले ४५. त्यात एखादा विज्ञान विषय पुन्हा घ्यावा लागला की अपील करत बसा. नर्सिंगला उपयोगी तेवढेच, म्हणजे इंग्रजी, संख्याशास्त्र वगैरे, आणा.

चिंचगूळ:
सगळ्यांचे आभार. मूल्यांकनाआधी एड ऑफिसला मेल टाकते. मुलीच्या डेकेअरचा खर्च कुठे धरतात का?

दहिवर:
फाफ्सात नाही, पण कॉलेजच्या 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स'मध्ये (शिक्षणाचा एकूण अंदाजी खर्च) धरता येतो. आपणहून मागावा लागतो, डेकेअरची पावती जोडून. त्याने एकूण मदतीची कमाल मर्यादा वाढते, पण पेल वाढत नाही.

स्वतः किंवा कर्जातून भरलेल्या ट्यूशनवर टॅक्समध्ये सूट देणारं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघा: पहिल्या १०,००० डॉलरचे २० टक्के. एकत्र उत्पन्न १,८०,००० किंवा जास्त असेल तर मात्र काही नाही.

आणि एच-४ व्हिसावर (एच-१बी वगैरेवर आलेल्यांच्या कुटुंबाचा) असलेले कोणी वाचत असतील तर, यातली फेडरल ग्रँट आणि कर्जं तुम्हाला लागू नाहीत.