मदत हवी आहे: दादांची सगळी कामं आम्ही काढून घेतली, आता ते खंगत चाललेत

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. सासरे ७६ वर्षांचे, घरीदारी सगळे त्यांना दादाच म्हणतात. गेल्या डिसेंबरात एका रात्री त्यांना धाप लागली, आडवं होताच येईना. फुप्फुसात पाणी झालं होतं. १०८ बोलावली, आठ दिवस इस्पितळात काढले. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के निघालं. पाण्याची गोळी आणि बाकीची औषधं वेळेवर चालू आहेत, सुकी मासळी आणि लोणचं बंद आहे, रोज सकाळी वजन करतो. पायांची सूज उतरली. डॉक्टर म्हणतात, तब्येत स्थिर आहे. मग माणूस दिवसेंदिवस असा का वाळत चाललाय?

घरी आणल्यावर आम्ही ठरवलं की दादांनी फक्त आराम करायचा. स्कूटरची चावी यजमानांनी कपाटात ठेवली. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, उतरायला बंदी केली, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवर आता पावसात शेवाळ आहे. पाटाचं पाणी बघायला माणूस ठेवला. बँकेचं कार्ड नणंदेकडे गेलं. न्हाणीघराची कडी लावायची नाही असं सांगितलं. यातली एकही गोष्ट वाईट हेतूने केली नाही. पण त्यांच्याकडे उरलं काय, हे मी परवापर्यंत मोजलंच नव्हतं.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दादा पिशवी घेऊन गेटपर्यंत जायचे. पोळ्या (आमच्याकडचे पाव) दाबून बघून घ्यायचे, त्याच्याशी दोन गोष्टी बोलायचे. डिसेंबरपासून ते मी करते. परवा मी आत कामात होते, उशीर झाला. दादा सोप्यावर खुर्चीत बसलेले, पिशवी बाजूच्या खुंटीला. पोदेर भोंगा वाजवून वाजवून निघून गेला. मी म्हटलं, "दादा, हाक तरी मारायची." तर खाली बघत म्हणाले, "म्हाका कोणें सांगूंक ना, बाय." (मला कोणी सांगितलं नाही.) ते ऐकून मला रडूच आलं.

खुर्चीतून उठताना आता दोन्ही हात टेकावे लागतात. मांड्या सुकल्यात. भजनाला पेटी वाजवायचे, आता बोलवायला आले तर "नाका" (नको) म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय. हृदय कमजोर म्हणून हे होतंय, की आम्ही बसवून ठेवलं म्हणून? आणि त्याचा उलट हृदयावरच परिणाम होतो का? यजमानांना भीती वाटते. त्या रात्री रुग्णवाहिकेत तेच दादांना धरून बसले होते, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही. काय परत द्यावं, कुठून सुरुवात करावी?

निवृत्त फिजिओ, म्हापसा
ताई, दोन्ही बाजूंनी होतं. हृदय कमजोर म्हणून थकवा येतो, थकवा म्हणून माणूस बसतो, बसल्यामुळे स्नायू झिजतात. झिजलेल्या पायांनी चाललं की तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त धावावं लागतं आणि धाप आणखी लवकर लागते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून तपासलं होतं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमदारी जेवढी घटली नाही, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटली होती. विशीतल्या पोरांचं हे, मग ७६ चं काय सांगावं!

हृदय कमजोर झाल्यामुळे इस्पितळात दाखल झालेल्या ३४९ वयस्कांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. ताकद, तोल, चालणं आणि दम यांचा बेताबेताने सराव दिल्यावर त्यांची हालचाल स्पष्ट सुधारली. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा आणि फिजिओ लावून घ्या. घरी उंच खुर्चीतून उठ-बस, शक्यतो हात न टेकता, कोणीतरी जवळ उभं राहून. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर थांबायचं. गोळ्यांनी उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो, म्हणून उठल्यावर मिनिटभर धरून थांबायचं. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, सूज आली किंवा रात्री जास्त उशा लागल्या, तर लगेच डॉक्टर.

आणि "नाका" हा शब्द हलक्यात घेऊ नका. या आजारात नैराश्य बरंच दिसतं. तेही डॉक्टरांना सांगा.

सासष्टीकर
आमच्या आईच्या वेळी आम्ही गोळ्यांचा डबा आणि वजनाची वही तिच्याच हातात दिली. मी फक्त रात्री बघायचो. न्हाणीघराला बाहेरूनही उघडणारी कडी मिळते, ती बसवा. आत एकटं असण्याचा मान राहतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी पिशवी दादांच्या हातात दिली. गेटपर्यंत जाताना एकदा थांबले, तुळशीला हात टेकला, मग गेले. यजमान खिडकीत उभे होते, पण बाहेर आले नाहीत. पोळ्या चार सांगितल्या होत्या, दादांनी सहा आणल्या. वजनाची वही उद्यापासून त्यांच्याकडे. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय, तेव्हा फिजिओचं आणि "नाका"चं दोन्ही विचारते. स्कूटरचा विषय तूर्त काढत नाही. नणंदेकडे कार्डाचा विषय मात्र काढायला हवा, आणि ती मनाला लावून घेईल. सून म्हणून मी बोलावं की दादांनीच? असं कोणाच्या घरी झालंय का?