हौशी म्हणजे कच्ची नव्हे

फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून उड्या-गिरक्या घेण्याचा खेळ, यावरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, जुन्या काळची ‘हौशी विजेती’ म्हणजे दुसऱ्या फळीतली. तसं नाही हो! त्या काळी ऑलिंपिकमध्ये उतरायला हौशीच असावं लागे. खेळातून कमाई केली की बाद.

कॅनडाची बार्बरा ॲन स्कॉट बघा. १९४७ साली, अठराव्या वर्षी जगज्जेती झाली. ओटावा शहराने कौतुकाने ब्यूक गाडी भेट दिली, तर ऑलिंपिक समितीतले एव्हरी ब्रंडेज म्हणाले, गाडी घेतलीस तर हौशी कसली? बिचारीने परत केली. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये उघड्या मैदानावर, आइस हॉकीच्या सामन्यांनी चरे पडलेल्या बर्फावर सुवर्ण जिंकली. मग गाडी मिळाली, आणि ती व्यावसायिक झाली.

बाकी उड्या-गिरक्या सगळ्यांना दिसतात. तेव्हा मात्र बर्फावर आठच्या आकड्यासारख्या आकृत्या कोरायला निम्म्याहून जास्त गुण असत. ‘फिगर’ हे नाव त्यावरूनच. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून त्या गेल्या.

आमच्या इंदुरात बर्फ सराफा खाऊगल्लीतल्या गोळ्यापुरता. लेक चाकांच्या स्केट्सवर सिमेंटवर खडूने आठ काढून गिरवते. दुसऱ्या वेटोळ्यात दर वेळी रेघ सुटतेच. गुडघ्याची खपली काही वाळत नाही.